फादर व्हिवाल्डी आणि अनाथ मुलींचा गायनवृंद



सण जवळ आला की आपला गायनवृंद नवी गीते बसवतो. सण सरला की वही मिटते आणि पुढल्या वर्षी तीच गीते पहिल्यापासून शिकावी लागतात. वहीतली गीते वाढत जातात, तोंडपाठ गीते मात्र तेवढीच राहतात. म्हणून आज आम्ही फादर अंतोनिओ व्हिवाल्डी यांची ओळख करून देत आहोत. त्यांच्या गायनवृंदापुढे तर दर महिन्याला नवे संगीत येऊन पडत असे.

व्हिवाल्डी यांचा जन्म ४ मार्च १६७८ रोजी इटलीतील व्हेनिस शहरात झाला. बाळ वाचेल की नाही अशी शंका आल्याने सुइणीने घरीच त्याचा बाप्तिस्मा केला. वडील मूळचे न्हावी, पुढे संत मार्क महामंदिरात व्हायोलिनवादक झाले. मुलाने व्हायोलिन त्यांच्याकडूनच हाती घेतले. १७०३ साली व्हिवाल्डी यांना गुरुदीक्षा मिळाली. केसांच्या रंगावरून लोक त्यांना लाल धर्मगुरू म्हणत. परंतु छातीच्या जुन्या विकाराने त्यांना मिस्सा पूर्ण करणे जमेना आणि थोड्याच काळात त्यांनी मिस्सा अर्पण करणे थांबवले. धर्मगुरूच्या मनाला याहून मोठे दुःख कोणते?

गुरुदीक्षेच्याच वर्षी ते पिएता नावाच्या अनाथाश्रमात व्हायोलिन शिकवू लागले. हा आश्रम १३४६ सालापासूनचा. आईबापांनी टाकलेली तान्ही बाळे तेथे वाढत. सुरेल गळ्याच्या आणि हुशार मुलींना संगीत शिकवले जाई. रविवारी व सणांना त्या मंदिरातील जाळीआडून गात आणि वाजवत. ऐकायला दूरदेशीचे पाहुणे येत, देणग्या देत. आश्रमाच्या खर्चाला त्याचा हातभार लागे.

शिक्षकाची नेमणूक कारभारी मंडळाच्या मतदानाने होई. १७०९ साली सात विरुद्ध सहा मतांनी व्हिवाल्डी यांची नोकरी गेली आणि १७११ साली त्याच मंडळाने त्यांना परत बोलावले. आश्रम त्यांच्या गैरहजेरीतही चालत राहिला, कारण शिकलेल्या थोरल्या मुलीच धाकट्यांना शिकवत. अ‍ॅना मारिया ही अशीच आश्रमात वाढलेली मुलगी. व्हायोलिनवादनात तिचे नाव युरोपभर झाले आणि पुढे ती स्वतः शिक्षिका झाली. तिची संगीताची वही व्हेनिसमध्ये आजही जपून ठेवलेली आहे आणि तिच्यात व्हिवाल्डींच्या अनेक रचना आहेत.

पुढे व्हिवाल्डी ऑपेरांसाठी गावोगाव फिरू लागले. तेव्हा १७२३ साली मंडळाने त्यांच्याशी करार केला. महिन्याला दोन नव्या रचना द्यायच्या. प्रवासात असतील तर टपालाने पाठवायच्या. व्हेनिसमध्ये असतील तेव्हा मात्र प्रत्येक रचनेसाठी तीन-चार वेळा स्वतः हजर राहून सराव घ्यायचा. पुढील काही वर्षांत अशा १४० च्या आसपास रचनांचे पैसे त्यांना मिळाल्याची नोंद आहे. कारभाऱ्यांची दूरदृष्टी आम्हांला येथे दिसते. कागदावर आलेले संगीत म्हणजे बसलेले संगीत नव्हे, हे ओळखून त्यांनी रचनांबरोबर सरावाचीही संख्या करारात घातली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांचा एक विचार आमच्या मनात ठसला. चांगली सवय एका कृतीने लागत नाही, ती पुन्हा पुन्हा केल्याने मुरते आणि करणे थांबले की झिजते. प्रार्थनेचे तसेच गाण्याचेही.

व्हिवाल्डींचा शेवट उपेक्षेत झाला. १७४० साली ते व्हिएन्नाला गेले, पण ज्यांच्या आश्रयाची आशा होती ते सम्राट त्याच वर्षी वारले. २८ जुलै १७४१ रोजी व्हिवाल्डींनी देह ठेवला आणि साधेपणाने त्यांचे दफन झाले. पुढे जग त्यांना जवळजवळ विसरले. १९२६ साली इटलीतील एका सालेशियन विद्यालयात त्यांच्या हस्तलिखितांचा मोठा साठा सापडला. त्यांचे ‘ग्लोरिया’ आज देशोदेशींच्या मंदिरांत गायले जाते.

आपल्या गायनवृंदाला आमची सूचना साधी आहे. सराव सणापुरता न ठेवता आठवड्यातील एका ठरलेल्या दिवशी व्हावा. दर वेळी एक नवे गीत घ्यावे आणि दोन जुनी गीते म्हणावीत. कोणते गीत केव्हा म्हटले ते वहीत लिहावे, म्हणजे एखादे महिनोन्‌महिने मागे पडले तर ध्यानात येईल. ज्यांना गीते पाठ आहेत त्यांनी शेजारी एका लहान मुलाला किंवा मुलीला बसवावे. फादर बदलून जातात, पेटीवादक परगावी जातात, तरी गाणे चालू राहिले पाहिजे.

सरावाचा वार सर्वांना विचारून ठरवू आणि पुढील रविवारी कळवू.

आपले धर्मगुरू