विश्लेषण : फोटोला भिणारी गिऱ्हाइके आणि दादासाहेब फाळके

सणसवाडीत कंपनीच्या गेटपाससाठी लागणारा फोटो आज मोबाइलवर निघतो. डोळे मिटले तर लगेच दुसरा. सव्वाशे वर्षांपूर्वी फोटो काढणाऱ्याला दर वेळी एक काच खर्ची घालावी लागे, शिवाय समोरच्याच्या मनातली धास्तीही घालवावी लागे. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा फोटोचा धंदा बसला तो या धास्तीपुढे.

कॅमेरा हाती कसा आला?

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि तिथून बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे छायाचित्रणाची गोडी लागली. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांना तीनरंगी ब्लॉकचे काम शिकायला रतलामला पाठवले आणि पुढे संस्थेचा स्टुडिओ व प्रयोगशाळाही वापरू दिली.

तेव्हा फोटो कसा निघे?

तिपाईवर लाकडी पेटी, पुढे भिंग, मध्ये घडीचा भाता, मागे दुधी काच. काळ्या कापडात डोके खुपसून छायाचित्रकार त्या काचेवर गिऱ्हाइकाची उलटी प्रतिमा पाही. भिंग पुढेमागे करून डोळे रेखीव झाले की तिथे प्लेट बसवायची. प्लेट म्हणजे जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षारांचा थर दिलेली काच. भिंगाचे झाकण काढायचे, मनात सेकंद मोजायचे, झाकण लावायचे. तेवढ्यात मान हलली की प्लेट वाया. म्हणून अनेक स्टुडिओंत खुर्चीमागे डोके टेकवायला लोखंडी आधार असे. जुन्या फोटोंत आजोबा एवढे गंभीर का, याचे निम्मे उत्तर इथे आहे. प्लेट लाल दिव्यात धुऊन थेट कागदावर ठेवून छापत. मिशीचा केस न् केस उठे. आजही मोठ्या फॉरमॅटवर पोर्ट्रेट शिकणारा साधारण हेच करतो, फक्त काचेऐवजी बहुधा चार बाय पाच इंचांची फिल्म असते.

धंदा का बसला?

१८९५ च्या सुमारास फाळक्यांनी गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेले. ते बडोद्याला परतले, पण तिथे कॅमेरा अंगातली शक्ती शोषतो, आयुष्य घटते, असा समज पसरलेला. राजघराण्यातल्या एका व्यक्तीनेही याच भीतीने आधी नकार दिला होता आणि फाळक्यांनी समजूत घातल्यावर ती तयार झाली, असे सांगतात. गिऱ्हाइके मात्र वाढली नाहीत. घरात दोन मृत्यू पाहिलेल्या माणसाला हा समज खोडून काढत बसावे लागले, हे विशेष. पोटासाठी ते नाटकांचे पडदे रंगवू लागले. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली, मग लोणावळ्यात छापखाना.

पुढे काय?

१९१२ मध्ये लंडनहून ते विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवलदाराला पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवेपर्यंत रोज थोडे थोडे चित्रीकरण केले. वाटाण्याची मान हलत नव्हती, आयुष्य घटण्याची भीतीही नव्हती. पडद्यावर मिनिटभरात अंकुराचा वेल झाला आणि पैसे उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.