चावणारं मूल आणि मेलनी क्लाईन

आमच्या बालवाडीत दोन वर्षांचा एक मुलगा शेजारच्या मुलीच्या दंडाला कडकडून चावला. दातांचे वण उमटले. त्याची आई रडवेली झाली. आजीचं म्हणणं, त्यालाही एकदा चावून दाखवा, म्हणजे कळेल! तेव्हा मला मेलनी क्लाईन आठवली. बी.ए.ला आम्हाला फ्रॉइड होता, हिच्यावर जेमतेम चार ओळी.

मेलनी १८८२ मध्ये व्हिएन्नात एका ज्यू डॉक्टरच्या घरी जन्मली. चार भावंडांत धाकटी. थोरल्या तिघांना आईने अंगावर पाजलं, हिच्यासाठी मात्र दाई ठेवली. ही गोष्ट ती म्हातारपणापर्यंत विसरली नव्हती. तिला डॉक्टर व्हायचं होतं, पण १९०३ मध्ये, एकविसाव्या वर्षी लग्न झालं आणि शिक्षण राहिलं ते राहिलंच. (हे वाचताना कितीजणी सुस्कारा सोडतील!) नवऱ्याच्या नोकरीपायी गावं बदलली, तीन मुलं झाली, मन मात्र सारखं खचलेलं. १९१४ मध्ये धाकटा मुलगा जन्मला आणि त्याच वर्षी आई गेली. बुडापेस्टमध्ये फेरेन्झी या मनोविश्लेषकाकडे उपचार घेता घेता, त्याच्याच सांगण्यावरून ती मुलांच्या मनाकडे वळली. पदवी नाही, काही नाही. सुरुवात केली ती घरातल्याच मुलापासून, आणि त्याच्यावर दुसऱ्या नावाने लेखही लिहिला. मला हे काही पटत नाही, आणि आज कुणी तसं करूही देणार नाही.

पुढे बर्लिनला एक मुलगी तिच्यापुढे गप्पच बसायची. मेलनी उठली आणि आपल्या मुलांची खेळणी घेऊन आली. बाहुल्या, गाड्या, ठोकळे. मुलगी खेळू लागली आणि खेळातूनच मनातलं सांगू लागली.

बर्लिनमधले तिचे गुरू कार्ल अब्राहम म्हणत, दात आले की बाळाचं नुसतं चोखणं संपतं, चावणं सुरू होतं. मेलनी त्याच्याही मागे गेली. तिच्या मते, भुकेलं बाळ दात नसतानाही मनातल्या मनात आईला चावतं, फाडतं. मग त्यालाच भीती वाटते, आपण आईला संपवलं तर नाही ना? आणि त्या भीतीतून तिला पुन्हा सांधायची, जपायची ओढ लागते. पटायला जड आहे, पण आपणही गुबगुबीत बाळाला लाडाने खाऊन टाकू का म्हणतोच की! आणि रागावलेली मोठी माणसं दात-ओठ खातात, ते काय उगाच?

आजचे तज्ज्ञ तिचं सगळंच मानत नाहीत. दोन वर्षांचं मूल चावतं ते बरेचदा शब्द अपुरे पडतात म्हणून, दमल्यामुळे, नाहीतर हातातलं खेळणं कुणी ओढलं म्हणून. उलट चावलं तर ते तेच शिकतं. आमच्या पठ्ठ्याला आम्ही ‘माझं आहे, दे’ एवढंच म्हणायला शिकवतोय.

१९२६ मध्ये मेलनी लंडनला गेली. तिथे नाव झालं, १९३२ मध्ये मोठा ग्रंथ आला. पण १९३४ मध्ये मोठा मुलगा डोंगरात अपघाती गेला. आणि मुलगी मेलिटा, स्वतः मनोविश्लेषक, भर सभांत आईच्या विरोधात उभी राहू लागली. मुलाला आईचा राग का येतो हे जगाला सांगणाऱ्या बाईला तो राग असा घरचाच बघावा लागला. दोघींचं पुन्हा कधी जुळलं नाही. १९६० च्या सप्टेंबरमध्ये मेलनी वारली, तेव्हा मेलिटा अंत्यविधीलाही गेली नाही.