चित्र काढलं की आवाज निघायचा! घरातच संगीताचं मशीन बांधणाऱ्या डॅफ्नी ओरॅम यांची गोष्ट

लॅपटॉपवर गाणी बनवणाऱ्यांसाठी ही रोजची गोष्ट आहे. स्क्रीनवर एक रेघ काढायची. रेघ वर गेली की आवाज वाढतो, खाली आली की कमी होतो. त्याच्याही पुढे गेलेले लोक मॅक्स किंवा प्युअर डेटासारखी सॉफ्टवेअर वापरतात. त्यात कोड टाइप करायचा नसतो. स्क्रीनवर छोटे छोटे चौकोन मांडायचे आणि ते रेघांनी एकमेकांना जोडायचे. एक चौकोन सूर तयार करतो, दुसरा तो कमी-जास्त करतो, तिसरा त्याला घुमवतो. बाजारात कुठेच मिळणार नाही असं, फक्त आपल्या कामाचं एखादं छोटं वाद्य अशा पद्धतीनं घरबसल्या तयार करता येतं. याला व्हिज्युअल प्रोग्रॅमिंग म्हणतात.

पण घराघरात कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी इंग्लंडमधल्या एका बाईंनी जवळपास हेच करायचं ठरवलं होतं. त्यांच्याकडे स्क्रीन नव्हती. होत्या त्या सिनेमाच्या फिल्मच्या पट्ट्या, काचा, शाई आणि दिवे. त्यासाठी त्यांनी बीबीसीतली पक्की नोकरी सोडली.

त्यांचं नाव डॅफ्नी ओरॅम.

युद्धामुळे मिळालेली नोकरी

डॅफ्नी यांचा जन्म ३१ डिसेंबर १९२५ चा, इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातला. लहानपणापासून पियानो शिकलेल्या या मुलीला १९४२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये प्रवेश मिळत होता. तो नाकारून त्यांनी बीबीसीत ज्युनिअर स्टुडिओ इंजिनिअरची नोकरी धरली. दुसरं महायुद्ध चालू होतं, पुरुष आघाडीवर गेले होते आणि एरवी बायकांना न मिळणारी तांत्रिक कामं त्यांना मिळायला लागली होती.

त्यांचं एक काम तर फारच वेगळं होतं. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधून रेडिओवर मैफलींचं थेट प्रक्षेपण व्हायचं. वरून कधी बॉम्ब पडेल याचा नेम नसायचा. म्हणून मैफल चालू असताना त्याच संगीताची रेकॉर्ड डॅफ्नी शेजारी तयार ठेवायच्या आणि वाद्यवृंदाच्या बरोबरीनं पुढे सरकवत न्यायच्या. हल्ला झाला आणि कार्यक्रम थांबला, तर रेडिओवर रेकॉर्ड चालू करायची, म्हणजे ऐकणाऱ्याला खंड जाणवणार नाही.

याच काळात, बीबीसीच्या एका ट्रेनिंगमध्ये त्यांनी ऑसिलोस्कोप पाहिला. हे यंत्र आवाजाच्या लहरीचं चित्र पडद्यावर दाखवतं. बाकीच्यांना ते मोजमापाचं यंत्र वाटलं. डॅफ्नी यांच्या डोक्यात उलटा प्रश्न आला. आवाजाचं चित्र होत असेल, तर चित्राचा आवाज का होऊ नये?

त्यांचं पुढचं सगळं आयुष्य या प्रश्नाच्या मागे गेलं.

रात्रीचा स्टुडिओ

१९४९ मध्ये, म्हणजे जेमतेम २३ वर्षांच्या असताना, त्यांनी ‘स्टिल पॉइंट’ नावाची रचना लिहिली. तिच्यासाठी दोन वाद्यवृंद लागणार होते. सोबतीला आधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या तबकड्या आणि वाद्यांचा आवाज तिथल्या तिथे बदलणारी यंत्रणा. आज डीजे जे करतात, त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना होती. बीबीसीनं ती रचना नाकारली. डॅफ्नी यांच्या हयातीत ती एकदाही वाजली नाही.

त्यांनी नाद सोडला नाही. पॅरिस आणि जर्मनीत तेव्हा टेपवर आवाज कापून-जोडून आणि विजेच्या यंत्रांतून सूर काढून नवं संगीत तयार होत होतं. असा विभाग बीबीसीतही हवा, असा त्यांनी वरिष्ठांकडे धोशा लावला. दरम्यान त्या दिवसाची ड्युटी संपली की रात्री वेगवेगळ्या स्टुडिओंतले टेप रेकॉर्डर एका खोलीत ओढून आणायच्या, त्यांवर प्रयोग करायच्या आणि सकाळी लोक कामावर यायच्या आत ते जागच्या जागी नेऊन ठेवायच्या.

१९५७ मध्ये त्यांनी ‘ॲम्फिट्रियन ३८’ या नाटकासाठी पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक पार्श्वसंगीत केलं. बीबीसीसाठी ही पहिलीच वेळ होती. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५८ ला लंडनच्या मेडा व्हेलमध्ये बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू झालं. डेस्मंड ब्रिस्को यांच्यासोबत डॅफ्नी त्याच्या संस्थापक होत्या. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचं गाजलेलं शीर्षक संगीत १९६३ मध्ये याच वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बीशर यांच्या हातून घडलं.

पण तोवर डॅफ्नी तिथे नव्हत्या.

मग नोकरी का सोडली?

बीबीसीला वर्कशॉप हवं होतं ते नाटकांना लागणाऱ्या चित्रविचित्र आवाजांसाठी. डॅफ्नी यांना मात्र त्यातून नवं संगीत घडवायचं होतं. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात प्रायोगिक संगीताचा महोत्सव भरला. तिथे त्यांनी इतर देशांतल्या संगीतकारांचं काम ऐकलं. आपण कुठे आहोत आणि कुठे असायला हवं, यातलं अंतर त्यांना तिथे दिसलं असावं. वर्कशॉप सुरू होऊन वर्ष व्हायच्या आत, १९५९ च्या सुरुवातीला त्यांनी राजीनामा दिला.

केंट परगण्यातल्या फेअरसीट गावात ‘टॉवर फॉली’ नावाची एक इमारत होती. बिअरसाठी लागणारी हॉप्सची फुलं तिथे पूर्वी वाळवत. तिथेच डॅफ्नी यांनी घर आणि स्टुडिओ थाटला. पगार बंद झाला होता, त्यामुळे जाहिराती, नाटकं, शॉर्ट फिल्म असं मिळेल ते काम त्या करत होत्या. बर्फातून धावणाऱ्या रेल्वेवरच्या ‘स्नो’ या १९६३ च्या लघुपटातल्या ध्वनिपट्टीवर त्यांचा हात आहे. या लघुपटाला पुढे ऑस्करचं नामांकन मिळालं. १९६२ मध्ये गुलबेंकियन फाउंडेशननं त्यांना ३,५५० पौंडांचं अनुदान दिलं आणि चित्रातून आवाज काढणाऱ्या मशीनचं काम मार्गी लागलं.

मशीन चालायचं कसं?

फिल्मवर आवाज रेखाटायचे प्रयोग त्याआधीही झाले होते. १९३० च्या दशकात सोव्हिएत रशियात काही जणांनी सिनेमाच्या फिल्मच्या कडेला थेट आवाजाची लहर काढून पाहिली होती. पण त्यात एक मोठी अडचण आहे. साधा एक सूर घ्या, सेकंदाला ४४० कंपनं असलेला. तो फक्त एक मिनिट वाजवायचा तर २६,४०० लहरी काढाव्या लागतील. हातानं हे कोण करणार?

डॅफ्नी यांनी कामाचे दोन भाग केले.

पहिला भाग लहरीच्या आकाराचा. बासरी आणि सनई एकाच सुरात वाजली तरी वेगळी ओळखू येतात, कारण त्यांच्या लहरींचा आकार वेगळा असतो. डॅफ्नी हा आकार काचेच्या तुकड्यावर एकदाच काढायच्या. ती काच एका छोट्या पिक्चर ट्यूबपुढे बसवायची. ट्यूबवरचा प्रकाशाचा ठिपका त्या आकाराच्या कडेनं पुन्हा पुन्हा धावायचा. प्रकाश ओळखणारं उपकरण ते टिपायचं आणि त्याचा आवाज व्हायचा. म्हणजे चित्र एकच, पण मशीन ते सेकंदाला शेकडो वेळा वाचणार.

दुसरा भाग हळूहळू बदलणाऱ्या गोष्टींचा. सूर कोणता, किती मोठा, त्यात कंप किती, तो किती घुमावा. यासाठी ३५ मिलिमीटरच्या दहा पारदर्शक फिल्म एकाच मोटरवर एकत्र सरकायच्या. काही पट्ट्यांवर सूर ठरवणाऱ्या खुणा असायच्या, काहींवर शाईनं काढलेल्या वळणदार रेषा. पट्ट्यांवर प्रकाश पडायचा. शाई जिथे जास्त तिथे तो अडायचा, कमी तिथे आरपार जायचा. त्या फरकातून विजेचा दाब बदलायचा आणि आवाजही.

याचा फायदा काय, हे आपल्याकडच्या उदाहरणानं पटकन कळेल. हार्मोनियमवर दोन पट्ट्यांच्या मधे काही नसतं, त्यामुळे सतारीसारखी मींड तिच्यावर घेता येत नाही. कीबोर्ड असलेल्या यंत्रांची हीच मर्यादा. डॅफ्नी यांना दोन सुरांमधली ती जागा हवी होती. सूर कसा सुरू होतो, कसा फुगतो, किंचित कसा थरथरतो आणि कसा विरतो, हे सगळं संगीतकाराच्या हातात असावं आणि ते हातानं काढता यावं. या पद्धतीला त्यांनी आपल्या आडनावावरून नाव दिलं, ओरॅमिक्स.

हे एकटीचं काम नव्हतं. १९६० च्या दशकाच्या मध्यात ग्रॅहम रेंच या तरुण इंजिनिअरनं मशीनचा बराचसा भाग प्रत्यक्ष जोडून चालता केला. पैसे बेताचे असल्यामुळे हाताशी असेल ते सामान वापरलं गेलं.

मग हे मशीन घरोघरी का पोहोचलं नाही?

एक तर ते संथ होतं. मशीन एका वेळी एकच सूर वाजवू शकायचं. चार सूर हवे असतील तर चारदा काढायचे, चारदा रेकॉर्ड करायचे आणि मग टेपवर एकत्र करायचे. वाजवताना लगेच बदल करता येत नव्हता.

दुसरं म्हणजे बाजार बदलला. १९६४ पासून अमेरिकेत रॉबर्ट मूग यांचे सिंथेसायझर येऊ लागले. १९६९ मध्ये लंडनमध्येच छोटा व्हीसीएस ३ विक्रीला आला. बटण फिरवलं की आवाज. खोलीभर पसरलेल्या, एकाच व्यक्तीला नीट समजणाऱ्या मशीनचा त्यांच्यापुढे टिकाव लागणं कठीण होतं.

स्वतःपुरतं हत्यार बांधण्यातली अडचणही इथेच दिसते. ते आपल्या हाताला अगदी नेमकं बसतं, पण दुसऱ्याच्या हाताला बसेलच असं नाही. विकायचं तर ते सगळ्यांना सोपं करावं लागतं, आणि सोपं करताना ज्या बारकाव्यांसाठी ते बांधलं तेच निसटायला लागतात. डॅफ्नी यांनी बारकावे धरून ठेवले. त्याची किंमत म्हणजे ओरॅमिक्सचं दुसरं मशीन त्यांच्या हयातीत कुठे उभं राहिलं नाही.

मशीन सुटलं, कल्पना सुटली नाही

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी संगीत, ध्वनी आणि इलेक्ट्रॉनिक्सवर पुस्तक लिहिलं. पुढे कँटरबरीच्या कॉलेजमध्ये शिकवलं. १९८० च्या दशकात पर्सनल कॉम्प्युटर आले तेव्हा त्या साठीकडे झुकल्या होत्या. त्या वयात त्या प्रोग्रॅमिंगकडे वळल्या आणि ओरॅमिक्स एकॉर्न आर्किमिडीज या कॉम्प्युटरवर आणायच्या मागे लागल्या. फिल्म आणि शाईच्या जागी स्क्रीन, पण काम तेच.

त्याच दशकात पॅरिसच्या इर्काम संस्थेत मिलर पकेट मॅक्स नावाचं सॉफ्टवेअर लिहीत होते. चौकोन आणि रेघांच्या व्हिज्युअल प्रोग्रॅमिंगवर ते चालतं. हे सॉफ्टवेअर ओरॅमिक्समधून आलेलं नाही, त्याचा उगम वेगळा आहे. पण प्रश्न एकच होता. इंजिनिअर नसलेल्या संगीतकारालाही आपलं यंत्र आपल्या डोळ्यांसमोर मांडता यावं, त्यासाठी काय करावं?

डॅफ्नी यांचं उत्तर पूर्ण झालं नाही. १९९० च्या दशकात त्यांना पक्षाघाताचे झटके आले. काम थांबलं आणि शेवटची वर्षं नर्सिंग होममध्ये गेली. ५ जानेवारी २००३ रोजी वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

नंतर काय झालं?

त्यांनी मागे ठेवलेल्या टेप आणि कागदपत्रं लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमध्ये पोहोचली. ओरॅमिक्स मशीन २०११ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये लोकांसमोर आलं. ते आता वाजत नाही. पण त्याच सुमारास त्याची नक्कल करणारं आयफोन ॲप निघालं. डॅफ्नी यांनी स्वतः आखलेल्या, पण कधीच न बांधलेल्या ‘मिनी ओरॅमिक्स’ या छोट्या मशीनची आवृत्तीही गोल्डस्मिथ्समधल्या एका संशोधकानं २०१६ मध्ये तयार केली. २०१७ पासून संगीत, ध्वनी आणि तंत्रज्ञानात नवं काम करणाऱ्यांना ओरॅम यांच्या नावानं पुरस्कार दिले जातात.

आणि ‘स्टिल पॉइंट’? जुन्या कागदांच्या आधारे ती रचना पुन्हा उभी केली गेली. २०१६ मध्ये लंडनमध्ये ती पहिल्यांदा वाजली. नंतर आणखी कागद हाती लागले आणि २०१८ मध्ये सुधारलेली रचना बीबीसीच्याच प्रॉम्स महोत्सवात सादर झाली. लिहिल्यानंतर ६९ वर्षांनी.

ती वाजली तो हॉल होता रॉयल अल्बर्ट हॉल. युद्धाच्या दिवसांत तिथल्या मैफली चालू असताना एक मुलगी हाताशी रेकॉर्ड तयार ठेवून बसायची, तोच.