‘मंगल’ अक्षरांचे रकृ

राऊ असो की इंदूर, सीपीसीटीची तयारी करून घेणाऱ्या टायपिंग क्लासमध्ये ‘मंगल’ हा शब्द कानावर पडतोच. मुलं तास-तास त्या अक्षरांवर बोटं घासतात. मात्र मंगल हा फॉन्ट घडवण्यामागे एक मराठी कवी होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजेच र. कृ. जोशी, यांचा जन्म १९३६ सालचा. मुंबईत ते जाहिरातीच्या धंद्यात शिरले आणि ‘उल्का’ या जाहिरातसंस्थेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. दिवसभर मालाची जाहिरात करायची, पण मन गुंतलेलं देवनागरीत. ते सुलेखनकार होते आणि कवीही. त्यांच्या कवितेत शब्द नुसते वाचायचे नसत, बघायचेही असत. अक्षर कागदावर कुठे आणि कसं उभं आहे, यालाही त्यांच्या लेखी अर्थ होता. साठच्या दशकात त्यांनी ‘देशनागरी’ची कल्पना मांडली. भारतातल्या सगळ्या भाषा एकाच लिपीत लिहिता याव्यात, असा तो विचार. देश काही त्या वाटेनं गेला नाही, पण वेगवेगळ्या लिप्या एकत्र बघायची सवय रकृंना तेव्हापासूनच लागलेली दिसते.

१९८३ पासून १९९६ पर्यंत त्यांनी आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अक्षरकला शिकवली. पुढे ते जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात गेले. हीच संस्था नंतर सी-डॅकमध्ये मिळाली.

त्या काळी संगणकावर मराठी होती खरी, पण ती एक प्रकारची फसवणूकच होती. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’च्या जागेवर ‘क’चं चित्र बसवलेलं असायचं. यंत्राच्या हिशेबी ते ‘डी’च. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की सगळा मजकूर अगम्य इंग्रजी होऊन जायचा. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी अशा मेलेल्या फायली पडून असतील!

युनिकोडनं प्रत्येक अक्षराला स्वतःचा पक्का क्रमांक दिला. पण नुसत्या क्रमांकानं मराठी दिसत नाही. ‘कि’ लिहिताना आपण आधी ‘क’ आणि मग वेलांटी दाबतो, दिसते मात्र वेलांटी आधी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक तर एका अर्ध्या ‘र’चा, तो चुकला तर गुरुजी थेट स्वयंपाकघरात! ही सगळी वळणं आणि जोडाक्षरं फॉन्टमध्ये भरावी लागतात. विंडोज २००० सोबत आलेल्या मंगलमध्ये ते काम रकृंच्या देखरेखीखाली झालं. गुजरातीचा श्रुती, पंजाबीचा रावी हेही त्याच मालिकेतले.

मंगल रुक्ष दिसतो, ओळींत उगाच जागा सोडतो, अशी कुरकुर आपण करतो. पण तेव्हाच्या पडद्यावर एका अक्षराच्या वाट्याला मोजकेच ठिपके यायचे. त्यातच वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. नाजूक वळण काढलं असतं तर सगळ्याचा गिचका झाला असता. ज्या हाताला कुंचल्याची मोकळीक ठाऊक होती, त्यानं इथे सजावट टाळली आणि अक्षर वाचता येण्याला पहिला मान दिला. माझ्या मते तेच अवघड होतं.

शेवटच्या काळात ते वैदिक स्वरचिन्हांना युनिकोडमध्ये जागा मिळावी म्हणून खटपट करत होते. फेब्रुवारी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झालं. वैदिक चिन्हांचा स्वतंत्र गट युनिकोडमध्ये आला तो २००९ साली. तो बघायला रकृ नव्हते.

त्यानंतर विंडोजनं निर्मला नावाचा नवा फॉन्ट पुढे केला. विंडोज १० मध्ये तर मंगल वेगळा उतरवून घ्यावा लागतो. तरी परीक्षांनी त्याला सोडलेलं नाही, आणि सरकारनं १९८६ साली प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट कीबोर्डलाही नाही. जुनं झालं म्हणून ते मोडीत निघालं नाही, कारण त्यावर अजून नोकऱ्या ठरतात.

आपण मराठीची मुलं, त्यातून इंदूरकडची. आपल्या भाषेसाठी काय करायचं, यावर मंडळाच्या बैठकीत आपण तासन्‌तास बोलतो. रकृंनी कविता लिहिल्या, आणि इतरांना त्यांच्या कविता लिहिता याव्यात म्हणून अक्षरंही घडवून ठेवली. क्लासमधून दमून घरी येणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींना एकदा त्यांचं नाव जरूर सांगा.