गार्सिया द ओर्ता : स्पेनच्या विद्यापीठातून गोव्याच्या कुळागरापर्यंत

पणजीच्या चर्चसमोरील उद्यानाला गार्सिया द ओर्ता यांचे नाव आहे. सोळाव्या शतकातल्या या वैद्याने गोव्यात राहून इथली फळे, मसाले आणि औषधी वनस्पती ग्रंथात नोंदवल्या. मृत्यूनंतर बारा वर्षांनी त्याच गोव्यात त्यांच्या अस्थी थडग्यातून काढून जाळण्यात आल्या. युरोपाने त्यांचे ज्ञान जपले, पण ज्या भूमीत ते ज्ञान उगवले तिथे त्यांच्या थडग्यालाही जागा राहिली नाही.

त्यांच्या कुळाची कथा स्पेनपासून सुरू होते. आईवडील स्पेनच्या सीमाभागातील ज्यू. 1492 साली राजाज्ञेने ज्यूंना स्पेनमधून हाकलण्यात आले, तेव्हा या कुटुंबाने शेजारच्या पोर्तुगालात आश्रय घेतला. पाचच वर्षांनी तिथेही सक्तीचा बाप्तिस्मा वाट्याला आला. अशा नवख्रिस्ती घरात, सीमेजवळच्या कास्तेलो द व्हिद या गावी, 1501च्या सुमारास गार्सिया यांचा जन्म झाला. बाहेर एक धर्म आणि घरात दुसऱ्याची आठवण, असे दुहेरी जगणे त्यांना जन्मापासून लाभले.

वैद्यकाच्या शिक्षणासाठी मात्र ते स्पेनलाच गेले. सालामांका आणि आल्काला द हेनारेस या विद्यापीठांत त्यांनी ग्रीक आणि अरबी वैद्यकाचे ग्रंथ अभ्यासले. त्या देशाच्या मातीवरही पूर्वेची छाप होती. ऊस, भात आणि आंबट नारिंग ही पूर्वेकडची पिके अरबांनी शतकांपूर्वीच स्पेनच्या उन्हाळी दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर रुजवली होती. मिरी, दालचिनी, आले ही औषधे तिथल्या दुकानांत वाळलेल्या रूपात मिळत. ती कोणत्या झाडाची, कोणत्या मातीतली, हे मात्र शिकवणाऱ्या आचार्यांनीही पाहिलेले नव्हते.

पोर्तुगालात परतल्यावर त्यांनी वैद्यकी केली आणि लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापनही केले. 1534 साली मार्तिम आफोन्सो द सौझा यांच्या आरमारासोबत त्यांचे वैद्य म्हणून ते निघाले आणि त्याच वर्षी गोव्यात पोहोचले. पुढची काही वर्षे दीव, वसई, मलबार आणि सिंहलद्वीपापर्यंत त्यांची भ्रमंती झाली. नंतर त्यांनी गोव्यातच घर केले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी त्यांचा स्नेह होता. त्या दरबारात हकीम आणि वैद्य यांच्याशी त्यांच्या चर्चा होत. उतारवयात मुंबईचे बेट त्यांना खंडाने मिळाले. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ धरते, याचीही त्यांनी आवर्जून नोंद केली.

गोव्यातील त्यांच्या घराभोवती औषधी झाडांची बाग होती. रुग्ण, व्यापारी, खलाशी, वैद्य अशा नाना तऱ्हेच्या लोकांचा राबता असे. प्रत्येकाकडून वस्तूचे स्थानिक नाव विचारून घ्यायचे, झाड दाखवायला सांगायचे, फळ चाखून पाहायचे आणि मग जुन्या ग्रंथाशी ताडून पाहायचे, ही त्यांची रीत होती. ग्रंथ आणि डोळे यांच्यात मतभेद झाला, तर ते डोळ्यांचा कौल मानीत. ग्रीक आचार्यांची चूक उघडपणे सांगणे त्या काळच्या वैद्याला सोपे नव्हते. युरोपात असतो तर हे धाडस झाले नसते, अशी कबुलीही त्यांनी दिली आहे.

या साऱ्याचे फळ म्हणजे भारतातील औषधींवरील संवादांचा त्यांचा ग्रंथ. 10 एप्रिल 1563 रोजी तो गोव्यात छापून झाला. विद्वानांच्या लॅटिनऐवजी तो पोर्तुगीजमध्ये लिहिलेला आहे. त्यातील 59 संवादांत ओर्ता आणि रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य बोलतात. हा रुआनो स्पेनच्या विद्यापीठांत शिकून आलेला आहे. त्याला पोथीतले सारे पाठ आहे, पण झाड ठाऊक नाही. म्हणजे ओर्तांनी आपल्याच तरुणपणाला समोर बसवून प्रश्न विचारू दिले. संवादात घरातली दासी आंतोनिया झाडपाला आणि फळे आणून दाखवते, तर मालुपा नावाचा हिंदू वैद्य आपले मत सांगतो. युरोपीय वैद्यकाच्या ग्रंथात इथल्या दासीला आणि वैद्याला असे स्थान मिळणे त्या काळी दुर्मीळच होते.

गोमंतकीय वाचकाला या पानांत आपलेच अंगण भेटते. नारळ, फणस, आंबा, केळी, चिंच, विड्याचे पान, सुपारी, हळद, मिरी यांची तिथे चर्चा आहे. कोकणीतले भिरंड पोर्तुगीज उच्चारात ब्रिंदांव होऊन ग्रंथात शिरले. आतून रक्तासारखे लाल आणि अतिशय आंबट असे त्याचे वर्णन आहे. पटकीच्या साथीचे लक्षणवार वर्णन करताना त्यांनी मोडशी हा देशी शब्दही नोंदवला. भिरंडाच्या शास्त्रीय नावातला गार्सिनिया हा शब्द मात्र ओर्तांवरून आलेला नाही. तो लोराँ गार्सँ या नंतरच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून आला आहे.

ग्रंथाच्या आरंभी त्या वेळी गोव्यात असलेल्या कामोंइश या कवीची रचना आहे. हीच त्याची पहिली छापील कविता मानली जाते. छपाईत चुका इतक्या झाल्या, की शुद्धिपत्राचीच अनेक पाने जोडावी लागली. तरीही ग्रंथ दूरवर पोहोचला. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाला पोर्तुगाल-स्पेनच्या प्रवासात तो मिळाला आणि 1567 साली अँटवर्प येथून त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध झाला. 1578 साली क्रिस्तोबाल आकोस्ता यांनी त्याच्याच आधारे स्पॅनिशमध्ये ग्रंथ लिहिला. स्पेनमध्ये शिकलेल्या विद्यार्थ्याचा धडा असा स्पेनला परत मिळाला.

याच काळात घरावर सावट दाटत होते. लिस्बनच्या इन्क्विझिशनच्या जाचातून सुटलेल्या बहिणी आणि आई गोव्यात येऊन राहिल्या होत्या. 1560 साली इन्क्विझिशन गोव्यातही आले. 1568 साली गार्सिया यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी बहीण कातारीना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. मृत गार्सियांवरही तोच आरोप ठेवण्यात आला आणि 1580 साली त्यांच्या अस्थींना अग्नी देण्यात आला.

त्या दशकांत गोव्यातून बाहेर पडणाऱ्यांमध्ये हिंदू कुटुंबेही असंख्य होती. कोणी देव घेऊन अंत्रुजात गेले, कोणी कारवार-अंकोल्याकडे, तर कोणी घाटापलीकडच्या रानात. काळी नदीच्या उगमाचा जोयडा तालुका, म्हणजे पूर्वीचा सुपा, हा त्या रानाचाच भाग. इथल्या कुणब्यांची परंपरा आपले मूळ गोव्यात सांगते. ओर्तांची पावले इथे लागल्याची नोंद नाही, पण त्यांच्या ग्रंथातली मिरी, फणस, हळद, भिरंड ही संपदा इथल्या परसात आणि जंगलात आजही आहे. सुप्याचे जुने गाव धरणाखाली गेले, तरी भोवतालच्या वाड्यांनी कंदांचे बियाणे हातचे जाऊ दिले नाही. अलीकडे जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो. सुरण, कोन, अळवाचे नाना प्रकार आणि मगरीच्या आकाराची मुडली तिथे मांडलेली असते. कोणता कंद कधी काढावा आणि कोणत्याची खाज कशाने मारावी, हे मांडणाऱ्या स्त्रियांना पोथीवाचून ठाऊक असते.

त्याच राशीत रताळी, म्हणजे कणगां, असतात. त्यांचे मूळ अमेरिकेतले. स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांच्या काळात ती जगभर पसरली. ओर्तांचा ग्रंथ लॅटिनमध्ये नेणाऱ्या क्लुसियसने स्पेनच्या मालागा किनाऱ्यावर पिकणाऱ्या याच रताळ्यांचे वर्णन केले आहे. मालागाच्या उन्हातला कंद जोयड्याच्या पावसाळी रानात परका राहिला नाही आणि कोकणातले भिरंड लॅटिन पोथीत परके ठरले नाही. झाडापेऱ्यांना जागा देणाऱ्या त्या काळाने माणसांना मात्र देशोधडीला लावले. गार्सिया द ओर्ता यांनी ज्यांना विचारून लिहिले, त्या आंतोनिया आणि मालुपा यांच्यासारख्यांचे ज्ञान घाटापलीकडच्या वाड्यांत आजही पिकते आणि शिजते. ते विचारून, चाखून, नावानिशी लिहून ठेवण्याचे काम अजून पुरे झालेले नाही.