चीनची भिंत : गोष्ठ पाल

आपल्या भित्तिपत्रकावर थोर माणसांची चरित्रे नेहमी येतात. या खेपेला मी एका फुटबॉल खेळाडूचे चरित्र लिहीत आहे. त्यांचे नाव गोष्ठ पाल. ते गोल करणारे नव्हते, गोल अडवणारे होते. आणि गोलकीपर म्हणाल तर तेही नव्हे. त्याच्या पुढे उभे राहणारे. त्याला फुलबॅक म्हणतात. त्या काळी संघात पुढे पाच जण, मधे तीन, मागे फक्त दोन आणि शेवटी गोलकीपर असे उभे राहत. म्हणजे मागच्या दोघांवर केवढा भार बघा! कबड्डीत कोपऱ्याचा गडी चढाईवाल्याच्या पायावर नजर ठेवून थांबतो ना, तसेच यांचे काम. घाई केली की फसला.

गोष्ठबाबूंचा जन्म २० ऑगस्ट १८९६ रोजी फरीदपूर जिल्ह्यातील भोजेश्वर या गावी झाला. ते गाव आता बांगलादेशात आहे. लहानपणीच ते कलकत्त्याला आले. कलकत्ता म्हणजे आताचे कोलकाता. तेथे ते कुमारटुली भागात खेळू लागले. दुर्गापूजेच्या मातीच्या मूर्ती घडवतात तोच हा भाग.

ते पंधरा वर्षांचे होते-नव्हते तेवढ्यात एक मोठी गोष्ट घडली. २९ जुलै १९११ या दिवशी मोहन बागान या भारतीय संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या सैनिकांच्या संघाला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. मोहन बागानचा एक गडी सोडला तर बाकी सगळे अनवाणी होते. राज्य इंग्रजांचे, खेळ इंग्रजांचा, आणि जिंकले कोण तर उघड्या पायांची पोरे! साऱ्या बंगालात आनंदीआनंद झाला. पुढे दोनेक वर्षांतच गोष्ठबाबू त्याच मोहन बागानमध्ये दाखल झाले.

तेही अनवाणीच खेळत. आता हे नुसते वाचून सोडू नका, जरा विचार करा. समोरच्याच्या पायात जाड चामड्याचे बूट. चेंडूही चामड्याचा, भिजला की धोंड्यासारखा जड. पुढे खेळणारा गडी बुटाला चुकवून पळू शकतो. पण फुलबॅकला चुकवून कसे चालेल? त्याला तर बूट येतो तिथेच पाय घालावा लागतो. मला सगळ्यांत धाडसाचे वाटते ते हेच.

शिवाय कलकत्त्यातील फुटबॉलचा हंगाम ऐन पावसाळ्यात. कोरड्या जमिनीवर उघडा पाय चांगला धरतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण चिखलात काय होते तेही आपल्याला ठाऊक आहे. बुटांच्या तळाला उंचवटे ठोकलेले असतात, ते चिखलात रुततात आणि माणूस उभा राहतो. अनवाणी गडी मात्र घसरतो. म्हणून पाऊस पडला की गोऱ्या संघांचे फावत असे. अशा मैदानात गोष्ठबाबू अंगापिंडाने दणकट आणि जागचे न हलणारे. इंग्रजी वर्तमानपत्रांतही त्यांना चीनची भिंत म्हणू लागले. (आपले पत्रक भिंतीवर आणि चरित्रही भिंतीचेच!)

१९२१ ते १९२६ ते मोहन बागानचे कप्तान होते. त्यातले १९२३ हे वर्ष फार मोठे. त्या वर्षी संघ शील्डच्या अंतिम सामन्यात पोहोचला. समोर कलकत्ता फुटबॉल क्लब, म्हणजे साहेब लोकांचा संघ. मोहन बागान ०-३ असे हरले. त्याच वर्षी ते आपल्या मुंबईला रोव्हर्स कप खेळायला आले आणि तिथेही अंतिम सामन्यात गेले. रोव्हर्सच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला तो पहिला भारतीय संघ. तिथे डरहॅम लाइट इन्फन्ट्री या पलटणीने त्यांना ४-१ असे हरवले. एका वर्षात दोन मोठे अंतिम सामने, आणि दोन्हींत हार.

मी सनावळ्या जुळवून पाहिल्या तेव्हा मला नवल वाटले. मोहन बागानने शील्ड जिंकली १९११ साली, आणि नंतर थेट १९४७ साली. कलकत्ता लीग पहिल्यांदा जिंकली १९३९ साली. गोष्ठबाबूंची वीस-बावीस वर्षे बरोबर यांच्या मधे येतात. म्हणजे यातला एकही मोठा मान कप्तान असूनही त्यांच्या हाती लागला नाही. आणि तरी १९११ च्या वीरांबरोबर लोक त्यांचे नाव घेतात. त्या काळी लीगच्या पहिल्या वर्गात कितीतरी वर्षे दोनच भारतीय संघांना जागा होती. बाकी सगळे पलटणींचे आणि साहेबांचे संघ. त्यांच्यापुढे पाय रोवून उभे राहणारा आपला माणूस लोकांना दिसत होता. त्या क्लबात खेळण्याचा पगारही नसे. मला वाटते, लोकांनी कप मोजलेच नाहीत.

१९३३ साली भारतीय संघ सिलोनला गेला. सिलोन म्हणजे श्रीलंका. त्याचे कप्तान गोष्ठबाबूच होते. तेव्हा त्यांचे वय छत्तीस-सदतीस. दोनेक वर्षांनी त्यांनी खेळ सोडला. एका सामन्यात पंच गोऱ्यांच्या बाजूने निकाल देतात म्हणून ते आणि त्यांचे सोबती निषेध म्हणून मैदानातच आडवे झाले, असे सांगतात. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. जन्मभर उभा राहिलेला गडी आडवा झाला, एवढेच.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. हा मान मिळालेले ते पहिले फुटबॉलपटू. एप्रिल १९७६ मध्ये ते वारले. कोलकात्याच्या मैदानाजवळ त्यांचा पुतळा आहे आणि तेथल्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. १९९८ साली टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीटही काढले.