काठावर पास झालेला अऱ्हेनियस

फर्स्ट सेमला केमिस्ट्रीत केटी लागली, त्या रात्री मेसमध्ये घास उतरेना. रूमवर येऊन पुस्तक उघडलं, तर समोर स्वांते अऱ्हेनियस!

हा १८५९ साली स्वीडनमध्ये जन्मला. १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात त्याने द्रावणांतून वीज कशी वाहते यावर प्रबंध दिला. परीक्षकांना तो पटेना. श्रेणी मिळाली काठावरची. पण पठ्ठ्याने प्रबंध बाहेरच्या शास्त्रज्ञांकडे धाडला. ओस्टवाल्ड तर रिगाहून थेट त्याला भेटायला आला.

१८८७ मध्ये सिद्धांत पूर्ण झाला. मीठ पाण्यात पडताच त्याचे आयन सुटे होतात, त्यासाठी वीज लागत नाही. पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड देते ती आम्लारी. दोघांचे आयन भेटले की पाणी, म्हणजेच उदासिनीकरण. आपण ब्युरेट घेऊन करतो ते हेच!

हायड्रॉक्साइड नसलेला अमोनिया मात्र या व्याख्येत बसेना. तो १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड-लॉरींनी बसवला.

त्याच सिद्धांतासाठी अऱ्हेनियसला १९०३ चं नोबेल मिळालं. १९२७ मध्ये तो गेला.

प्रबंधापासून नोबेलपर्यंत त्याला एकोणीस वर्षं लागली. मी केटीचा फॉर्म भरलाय. मला सहा महिने पुरावेत.